ठिपकीची वाटी आणि तांबूचा पान्हा

मांजरीची एक पोर होती. नाव ठिपकी. एवढीशी, मुठीत मावेल अशी. रोज सकाळी गोठ्यात तिला वाटीत दूध मिळायचं. आज बघते तर काय, वाटी कोरडी ठाक.

दुडू दुडू ठिपकी निघाली. हौसामावशी तांबू गाईची धार काढायला बसली होती.

"मावशी, मावशी, दूध दे. माझी वाटी कोरडी ठाक."

"कुठून देऊ बाई? कास दूध सोडेना."

दुडू दुडू कासेकडे.

"कासबाई, कासबाई, दूध सोड. मावशी देईना, माझी वाटी कोरडी ठाक."

"मी भरलेय गं. पण मेंदूचा निरोप आल्याशिवाय सोडत नाही."

ठिपकी सरसर तांबूच्या डोक्यावर चढली. आत अंधारात मेंदू बसला होता. त्यानं कधी ऊन पाहिलं नाही, गवत पाहिलं नाही. तरी साऱ्या गाईचा कारभार त्याच्याकडे. ठिपकी हळूच बोलली.

"मेंदूबुवा, मेंदूबुवा, निरोप धाडा. कास सोडेना, मावशी देईना, माझी वाटी कोरडी ठाक."

"मला इथून काही दिसत नाही बाळा. नाकानं सांगावं, वासरू आलं. मग मी धाडतो."

सुर्रकन ठिपकी घसरली नाकाकडे.

"नाकोबा, नाकोबा, सांग ना. मेंदू धाडेना, कास सोडेना, मावशी देईना, माझी वाटी कोरडी ठाक."

"काय सांगू? त्या वासराला गुलाबाच्या साबणाचा वास येतोय. आमचं वासरू असं नाही."

झालं होतं असं. मावशीची नात शेवंता. तिनं सकाळी वासराला साबणानं न्हाऊ घातलं, कौतुकानं हो. वासरू चकाचक झालं आणि आईलाच परकं झालं.

दुडू दुडू वासराकडे.

"वासरा, वासरा, तुझा वास आण. नाक सांगेना, मेंदू धाडेना, कास सोडेना, मावशी देईना, माझी वाटी कोरडी ठाक."

वासरू रडवेलं झालं. "आई मला शिंग दाखवते. मलाही भूक लागलीय. वास कुठून आणू?"

ठिपकीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोपऱ्यात पेंढा होता, वासरू रोज झोपायचं तो. ठिपकीनं त्यात उडी मारली आणि लोळली.

"ये की तूपण."

मावशीनं हसून दावं सोडलं. वासरू लोळलं. गरागरा, गरागरा. मग गेलं आईपाशी.

सूं सूं. नाकानं हुंगलं. नाकानं सांगितलं, "आलं, आपलं वासरू आलं." मेंदूनं निरोप धाडला.

निरोप केवढा? थेंबाहून लहान. ना पाय, ना पंख. रक्तात बसला आणि निघाला. मानेतून, पाठीतून, पोटातून, साऱ्या अंगभर हिंडला. कासेनं त्याला बरोब्बर ओळखलं. कुणी शिकवलं असेल तिला?

तांबूला पान्हा फुटला. वासरू प्यायलं, चुटूचुटू. मग मावशीनं धार काढली, चुर्र चुर्र. वाटी भरली. ठिपकी प्यायली, लपलप लपलप.

मग तांबूच्या पोटाला कान लावून बसली. आत निरोप चालले असतील, ऐकू तर काहीच येईना. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले.

तिच्याही इवल्याशा डोक्यातून निरोप निघाला होता. पोट भरलं, आता नीज.