गच्चीवरची मखमली झूल

उंबरगडच्या रणधवल महाराजांचा एसी रोज भर दुपारी बंद पडू लागला. सकाळी गार, संध्याकाळी गार, पण दरबार भरला की ठप्प!

पौषात हा एसी परदेशातून आला, तेव्हा त्याचा गच्चीवरचा डबा पाहून महाराजांचा जीव कळवळला. राजाचं यंत्र आणि उघड्यावर? त्यांनी हत्तीची जरीची मखमली झूल त्यावर घट्ट बांधायला लावली आणि ती कुणी उतरवायची नाही, असा हुकूम सोडला. नव्या वस्तूला कव्हर घालायची हौस आपल्याकडे कुणाला नसते? महाराजांची हौस जरा भरजरी होती, इतकंच.

दगडू मिस्त्रीने झुलीखाली शिरून आधी इन्व्हर्टरचं कार्ड बदललं, मग कॉम्प्रेसरच बदलला. दुपारी एसी पुन्हा बंद. खरं कारण त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ते बोलायची छाती नव्हती.

महाराज भडकले. "यंत्र परदेशी, त्यात दोष नाही. हुकूम माझा, त्यात दोष असूच शकत नाही. मग दोष कुठे आहे ते उद्या सांग. नाहीतर जन्मभर दरबारात पंख्याची दोरी ओढ."

दुसऱ्या दिवशी दगडूबरोबर त्याची मुलगी सगुणा दरबारात आली.

"महाराज, दोष मी सांगते. पण राजयंत्राचं दुखणं बरोबरीच्यालाच कळणार. इथे त्याच्या बरोबरीचं तुमच्याशिवाय कोण आहे?"

महाराज खुलले. "काय करायचं?"

"तशीच झूल पांघरून त्याच्याशेजारी बसायचं. आणि काम थांबवायचं नाही. ते गार हवा देतं, तुम्ही हुकूम देत राहा."

भर उन्हात महाराज झूल पांघरून गच्चीवर बसले. "काय थाट दिसतोय!" प्रधानजी म्हणाले. ते सावलीत उभे होते.

पहिला हुकूम खणखणीत सुटला. दुसरा घशात अडकला. तिसरा कुणाला द्यायचा होता, तेच महाराज विसरले. शेवटी झूल भिरकावून ते सावलीत जाऊन बसले. तेवढ्यात यंत्रही गप्प झालं.

"महाराज बंद पडले?" सगुणाने विचारलं.

"जीभ सांभाळ, पोरी. बंद नाही पडलो, जरा बसलो. नाहीतर जीवच गेला असता."

"तेही जरा बसलंय, महाराज. आतली गरमी बाहेर टाकणं हे त्याचं काम. ती झुलीत कोंडली की इन्व्हर्टरचं कार्ड तापतं, आणि कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तेच सगळं थांबवतं. फरक एवढाच, की तुमची झूल तुम्ही फेकलीत. त्याला हात नाहीत."

महाराजांच्या भुवया चढल्या. "म्हणजे दोष माझ्या हुकमात?"

दगडूला पंख्याची दोरी डोळ्यांपुढे दिसू लागली.

"छे! हुकूम पौषातला, आणि पौषात तो अगदी बरोबर होता. दोष वैशाखाचा आहे, महाराज. तो तुम्हाला न विचारता आला."

महाराज खो खो हसत सुटले. यंत्रावरची झूल त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. थोड्या वेळाने दरबार गार पडला आणि दुपारभर गारच राहिला.

दगडूला राजमिस्त्रीचं पद मिळालं, सगुणाला सोन्याचं कडं. झूल प्रधानजींना मिळाली. तिचा थाट त्यांनी गच्चीवर बसून लगेच दाखवावा, एवढीच महाराजांची इच्छा होती.