सातूचा चुरा आणि सफरचंदाचं मडकं

ऐका, लहानांनो आणि मोठ्यांनो. ही फार जुनी गोष्ट आहे, राजे कोण होते हे कुणालाच आठवत नाही इतकी जुनी. एका थंड डोंगराळ राज्यात केरोबा नावाचा एक म्हातारा माळी राहत होता. त्याच्या घरामागे सफरचंदाची बाग होती. फळं लहान आणि आंबट असत. नुसती खायला घेतली तर डोळे मिटून यायचे.

पण केरोबाची बायको गोजरा त्या आंबट फळांचं सोनं करायची. ती फळांच्या फोडी करून मातीच्या मडक्यात घालायची, त्यावर गूळ आणि सुंठ भुरभुरायची. मग सातूचं जाडंभरडं पीठ परातीत घेऊन त्यात लोणी आणि थोडा गूळ घालायची आणि बोटांच्या टोकांनी चोळत राहायची. पिठाचा रवाळ चुरा झाला की तो फोडींवर पसरायचा, झाकण ठेवायचं आणि खालीवर निखारे घालायचे. थोड्या वेळाने झाकणाच्या फटीतून असा खमंग वास सुटायचा, की वाटेने जाणारी माणसं कुंपणाशी थांबून विचारायची, "गोजराबाई, आज मडकं लावलंय वाटतं?"

वर कुरकुरीत चुरा, खाली मऊ झालेली आंबटगोड फळं. केरोबा ते गरमगरम खायचा आणि वाटी पुसून काढायचा.

एका हिवाळ्यात गोजराला ताप आला आणि त्यातच ती गेली. केरोबा बोलेनासा झाला. झाडाखाली फळं पडून कुजली, तरी त्याने ती उचलली नाहीत.

पुढच्या वर्षी त्याचा मुलगा मल्हारी लग्न करून बायकोला घरी घेऊन आला. तिचं नाव सगुणा. ती खालच्या सपाट मुलखातली होती. तिने सफरचंद कधी पाहिलं नव्हतं, निखाऱ्यांवर लावलेलं मडकं तर नाहीच. पण सासरे उदास असतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. शेजारी गोजराची मैत्रीण ठकूबाई राहायची. सगुणा तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, मामंजींना काय आवडतं ते मला शिकवा."

ठकूबाईने तिला मडकं लावायला शिकवलं.

सगुणाचं पहिलं मडकं बिघडलं. वरचा चुरा करपला आणि खाली फोडी कच्च्या राहिल्या. केरोबाने एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"गोजराच्या हातचं असं नसायचं," तो म्हणाला.

"काय चुकलं, मामंजी?" सगुणाने विचारलं.

"ते सांगता येत नाही," म्हातारा म्हणाला आणि उठून बागेत गेला.

सगुणाने पुन्हा मडकं लावलं. या वेळी चुरा करपला नाही, पण वाफेने ओला झाला. केरोबा म्हणाला, "तिचा चुरा दाताखाली वाजायचा." तिने झाकण थोडं तिरपं ठेवून वाफ जाऊ दिली, मग चुरा वाजू लागला. केरोबा म्हणाला, "ती गूळ बेताने घालायची." तिने गूळ कमी केला. केरोबा म्हणाला, "तिच्या फोडी अशा जाड नसायच्या."

मल्हारीला राहवेना. एकदा बागेत तो बापाला म्हणाला, "बाबा, एकदा तरी बरं झालं म्हणा. चुलीपुढे बसून तिची बोटं भाजतात. रात्री हाताला तूप लावते ती."

"मी खोटं कसं बोलू?" केरोबा म्हणाला. "तुझ्या आईसारखं नाही, ते नाहीच."

त्याला खरंच असं वाटत होतं, की सुनेला चांगलं म्हटलं तर गोजराला विसरल्यासारखं होईल. आपण बायकोची बाजू राखतो आहोत, अशीच त्याची समजूत होती. रोज संध्याकाळी तो गोजराच्या रिकाम्या पाटाकडे पाहून मनात म्हणायचा, बघ, तुझ्या जागी मी कुणाला बसू दिलेलं नाही.

एके दिवशी दुपारी केरोबा ओसरीवर पडला होता. घरातून वास आला. सुंठ, भाजलेलं लोणी, विरघळणारा गूळ. तो दचकून उठून बसला. क्षणभर त्याला वाटलं, आत गोजराच आहे.

सगुणाने वाटी आणून ठेवली. वरचा चुरा सोनेरी झाला होता, कडेने फळांचा रस उकळून वर आला होता. केरोबाने घास घेतला. जिभेवर तीच चव आली, अगदी तीच. त्याचे डोळे भरून आले.

आणि तो घाबरला. जे दुसऱ्या कुणाच्या हाताने होऊ शकतं, ते मग गोजराचं एकटीचं काय उरलं? एवढी एकच गोष्ट त्याने तिच्यासाठी राखून ठेवली होती, तीही आता जाणार होती.

त्याने वाटी खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "हे ते नाही."

सगुणाने या वेळी काय चुकलं ते विचारलं नाही. तिने वाटी उचलली आणि ती आत गेली.

त्यानंतर त्या घरात मडकं लागलं नाही. भाकरी व्हायची, आमटी व्हायची, सगळं वेळेवर पानात यायचं. केरोबाला ते कळलं, पण त्याने मडकं मागितलं नाही. मनातल्या मनात त्याला थोडं हायसंही वाटलं.

पुढे राजाने खालच्या मुलखात एका मोठ्या तळ्याचं बांधकाम काढलं. मल्हारीला तिथे काम मिळालं. त्याने बापाला सोबत चलायला सांगितलं. केरोबा म्हणाला, "ही बाग सोडून मी कुठे येऊ?" सगुणाने निघताना त्याला वाकून नमस्कार केला, औषधाची पुडी कुठे ठेवली आहे ते सांगितलं आणि ती नवऱ्यामागून चालू लागली.

घर रिकामं झालं. पुन्हा सफरचंदं पिकली. एका सकाळी म्हाताऱ्याला त्या चवीची इतकी आठवण झाली, की त्याने स्वतःच परात पुढे ओढली. फोडी केल्या, लोणी पिठात घातलं आणि चोळू लागला. चुरा काही होईना, गोळाच झाला. त्याने तोच फोडींवर थापला, झाकणावर भरमसाट निखारे घातले आणि वाट पाहत बसला. थोड्या वेळात धूर झाला.

धूर पाहून ठकूबाई काठी टेकत लगबगीने आली. तिने झाकण काढलं. वर कोळसा झाला होता आणि खाली सगळं कच्चं. म्हातारी हसू लागली.

"हसू नका, वहिनी," केरोबा म्हणाला.

"हसू नको तर काय करू? गोजराचं पहिलं मडकं थेट असंच झालं होतं की! विसरलात? नवी नवरी होती. रडत माझ्याकडे आली. मी तुमच्या दारात येऊन पाहते तर तुम्ही चमच्याने वरचं काळं खरवडून खात बसलेले. मला म्हणालात, ठकूवहिनी, आमच्या घरात काय गोड झालंय बघा! दात कराकरा वाजत होते तुमचे."

केरोबाला ते आठवलं. नुसतं पहिलंच नाही, त्यानंतरची कितीतरी मडकी आठवली. कधी ओली, कधी खारट, एकदा तर मडकं फुटून सगळं राखेत सांडलेलं. प्रत्येक वेळी त्याने खाल्लं होतं, हसवलं होतं, पुन्हा कर म्हटलं होतं. गोजराच्या हाताला चव येईपर्यंत त्याचे केस पिकायला लागले होते. आणि सगुणाला त्याने एक दिवससुद्धा दिला नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "पोरीचं मडकं शेवटी जमलं होतं हो. मी खोटंच नाही म्हणालो."

ठकूबाईचं हसू मावळलं. ती त्याच्याजवळ बसून राहिली. म्हातारा तोंडावर हात धरून रडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने टोपलीभर सफरचंदं पाठीवर घेतली आणि तो डोंगर उतरू लागला. त्याचे गुडघे दुखत होते. धर्मशाळांतून मुक्काम करत करत तो तळ्याच्या गावी पोहोचला.

सगुणाने त्याला पाहिलं आणि ती लगबगीने बाहेर आली. तिने टोपली उतरवून घेतली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. केरोबा बसला नाही.

"सूनबाई," तो उभ्यानेच म्हणाला, "त्या दिवशीचं मडकं चांगलं झालं होतं. अगदी तिच्यासारखं. मी खोटं बोललो. मला माफ कर."

सगुणा म्हणाली, "मला ठाऊक होतं, मामंजी. मी आत जाऊन चाखून पाहिलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? वाईट झालं असतं तर मी पुन्हा केलं असतं, आयुष्यभर केलं असतं. पण चांगलं होऊनही ते चांगलं नव्हतं. मग मी आणखी काय करायचं राहिलं होतं?" तिने डोळे पुसले. "माफी कसली मागता? तुम्ही वडील आहात. माझ्या मनात राग नाही. आता इथेच राहा."

आणि ते खरं होतं. तिच्या मनात राग नव्हता. तिने म्हाताऱ्याला जीव लावून सांभाळलं.

एक दिवस केरोबाने भीत भीत विचारलं, "सूनबाई, एकदा मडकं लावशील?"

सगुणाने नाही म्हटलं नाही. तिने फोडी केल्या, परातीत सातूचं पीठ घेतलं, त्यात लोणी घातलं. बोटं पिठात गेली आणि तिथेच थांबली. तिने पुन्हा चोळून पाहिलं. मग हात झटकून ती हळूच म्हणाली, "नाही होत हो, मामंजी. हात वळत नाहीत." तिने त्या फोडी पाण्यात शिजवून त्याला दिल्या आणि पिठाची भाकरी थापली.

तेव्हापासून केरोबा प्रत्येक जेवणाला म्हणायचा, "सूनबाई, छान झालंय हं." आमटीला म्हणायचा, भाजीला म्हणायचा, नुसत्या ताकालाही म्हणायचा. ते खरंच छान असायचं.

सगुणा म्हणायची, "हो का?" आणि भांडी घासत राहायची.

म्हातारा त्यापुढे बरीच वर्षं जगला. त्या घरात त्याला काही कमी पडलं नाही. फक्त तो खमंग वास त्याला पुन्हा कधी आला नाही.

म्हणून सांगतो, गेलेल्या माणसाची आठवण जपण्यासाठी समोरच्या माणसाचं मन मोडू नये. मोडलेलं मन माफ करतं, पण पहिल्यासारखं उमलत नाही.