लिफाफ्यातला कागद

विश्राम केरबा घोलप, वय वर्षे एकतीस, तासकरबाईंच्या खोलीत शिरला तो प्रश्न घेऊनच.

"बाई, लिफाफा आता फोडायचा ना?"

लिफाफ्याची प्रथा बाईंची होती. बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी पाण्याची अजस्र टाकी होती. दूरचा एखादा तारा फुटला, की त्यातून सुटलेले न्यूट्रिनो नावाचे अदृश्य कण त्या पाण्यात ठिणग्या पाडतील, म्हणून बाई तीस वर्षे वाट पाहत होत्या. शिष्यांना डुलकी लागू नये यासाठी त्या अधूनमधून यंत्रात खोट्या ठिणग्या पेरीत आणि त्यांची वेळ लिफाफ्यात बंद करून ठेवीत. नियम एकच. यंत्राची घंटा झाली, की ती खरी मानून तत्क्षणी बाईंचे दार ठोठावायचे.

"घंटा केव्हा झाली?"

"पहाटे सहाला. दहा सेकंदांत चारशे ठिणग्या."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ वाजले होते.

"आणि तू कुठे होतास?"

"आंघोळ केली. पोहे खाल्ले." विश्राम हसला. "बाई, या खेपेला तुम्ही सापडलात. ठिणग्यांचा सगळा चढउतार, तारा फुटेल तेव्हासाठी तुम्ही वहीत आधीच काढून ठेवलेल्या आकृतीबरहुकूम. खरा तारा इतका आज्ञाधारक असतो होय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिफाफा त्याच्यापुढे सरकवला.

"फोड."

त्याने कागद काढला. उलटला. पुन्हा उलटला.

कोरा.

"बाई... यात वेळच नाही."

"या महिन्यात मी काही पेरलंच नव्हतं."

विश्रामने बोटांवर तास मोजले: साडेतीन. आधी न्यूट्रिनो येतात, प्रकाश काही तासांनी. तेवढ्या अवधीत दुर्बिणी वळवल्या, तरच फुटत्या ताऱ्याचा पहिला उजेड सापडतो. हे तो स्वतः इतरांना शिकवीत असे.

बाईंचा हात त्याच जुन्या वहीवर टेकला होता.

"बरहुकूम म्हणालास?"

"हो, बाई."

त्यांनी फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"चिलीत रात्र आहे. तिथल्या दुर्बिणवाल्यांना लाव."

"काय सांगू? अजून उजेड यायचा असेल का?"

"पाहुणा येऊन गेला म्हणावं. दिवा घेतलेला माणूस मागून येतोय."

दुर्बिणी वळल्या, तेव्हा तारा उजळून वीस मिनिटे झाली होती. त्या दिवसापासून घंटा झाली, की विश्राम बाईंच्या दारापर्यंत अनवाणी धावतो.