खापरांचा हत्ती

खापर म्हणजे फुटलेल्या भाजक्या भांड्याचा तुकडा. कच्चे मडके फुटले तर त्याची पुन्हा माती होते. भाजलेले फुटले तर त्याचे खापर होते. ते पाण्यात विरघळत नाही आणि चाकावरही चढत नाही. हा भेद लहानसा वाटेल. पण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे. म्हणून वाचकाने, तो वयाने केवढाही असो, तो ध्यानात ठेवावा.

ज्या काळाच्या तिथी कोणी लिहून ठेवल्या नाहीत अशा फार जुन्या काळी एका डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करीत होता. तो दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. त्याला केवळ अखंड वस्तूंची आवड होती. तडा गेलेली वाटी तो आपल्या ताटात खपवून घेत नसे, आणि एकदा चुकलेला माणूस आपल्या नगरात. जो चुकेल त्याने पश्चिमेच्या वेशीबाहेर जाऊन राहावे, असा त्याचा नियम होता.

त्या वेशीबाहेर एक वृद्ध पाथरवट राहत असे. त्याने बांधलेला बंधारा एका पुरात वाहून गेला, तेव्हापासून तो तिथे खडी फोडून पोट भरीत होता. त्याच्या जागी आलेल्या दोन तरुण पाथरवटांचे बंधारेही वाहून गेले, आणि तेही त्याच्या शेजारी येऊन बसले.

राज्याच्या सीमेवर एक खिंड होती. तिच्या अलीकडे-पलीकडे एकेका दिवसाच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. तिथे मातीचा एक हत्ती बसवावा, असे राजाने मनात आणले. हत्तीच्या पोटात पाणी साठवावे, मातीच्या अंगाने ते गार राहावे आणि सोंडेतून वाटसरूच्या ओंजळीत पडावे. हे काम त्याने नदीकाठच्या एका प्रौढ कुंभारणीकडे सोपवले.

तिची काम करण्याची रीत निराळी होती. पहिले आठ दिवस ती काहीच घडवीत नसे. ती मातीपाशी बसून राही, मूठभर माती उचलून पिळे, पुन्हा ठेवी. भार कुठून कुठे उतरेल याचा विचार तिच्या मनात पुरा झाल्यावाचून ती मातीची पहिली वळी ठेवीत नसे. मग पायांपासून आरंभ करून ती रोज चार बोटेच उंची वाढवी. कारण खालची माती आवळल्यावाचून वरची पेलत नाही. आत एक हात, बाहेर लाकडी थापी, आणि मध्ये बोटभर जाडीची भिंत. बघायला आलेले लोक आपोआप हळू बोलू लागत.

मोठी मूर्ती घडवताना मातीत खापरांची भुकटी मिसळायची, हे तिला तिच्या सासऱ्याने शिकवले होते. राजाच्या अमात्यांना ते कळले तेव्हा त्यांनी मनाई केली. मंगल कार्यात फुटके चालत नाही, माती कोरी आणि वस्त्रगाळ हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. कुंभारणीने दोनदा विनवून पाहिले आणि मग आज्ञा पाळली.

पहिला हत्ती आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, पोटाशी फाटला. दुसऱ्यासाठी अमात्यांनी माती आणखी बारीक गाळवली. त्याचे तर तुकडेच हाती आले. मग राजाचा निरोप आला: तिसरा फुटला तर कुंभारणीने पश्चिमेच्या वेशीबाहेर जावे आणि पुन्हा मातीला हात लावू नये.

कुंभारणीची धाकटी जाऊ अंगणात पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "जाऊबाई, गुपचूप मिसळा की. अमात्य काय माती चाखून बघणार आहेत?"

"चाखतील ग, त्यांचा नेम नाही," कुंभारीण म्हणाली. दोघी हसल्या. मग कुंभारणीने दोन्ही फुटक्या हत्तींची खापरे टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि ती भर दुपारी राजसभेत गेली.

अमात्यांनी नाकाला उपरणे लावले. राजाने टोपलीकडे पाहून विचारले, "फुटलेल्यावर मी विश्वास का ठेवावा?"

"फुटली म्हणून ठेवू नका, महाराज. भाजली म्हणून ठेवा," ती म्हणाली. "कोरी माती आगीत पहिल्यांदाच जाते. तिथे ती अंग चोरते, आणि सगळीच एकदम अंग चोरू लागली की फाटते. खापर आगीतून एकदा जाऊन आलेले असते. ते आता आक्रसत नाही. ते जागोजाग शेजारी असले की कोरी माती धीर धरते."

राजाने टोपलीतले एक खापर उचलून उलटसुलट पाहिले. शेवटी त्याने अनुमती दिली. पण अट तीच ठेवली.

कुंभारवाड्यातल्या बायकांनी उखळात खापरे कुटली. दोन भाग माती आणि एक भाग भुकटी असे मिश्रण करून ते पायांनी तुडवले. "तुमच्यापायी माझ्या टाचा सोलल्या," असे जाऊ रोज म्हणे, आणि रोज सर्वांआधी येई. एकवीस दिवस हत्ती वाढत गेला. पुढचा महिनाभर तो ओल्या फडक्यांखाली सावकाश सुकला. कच्चा असताना तो हलवता येण्याजोगा नव्हता, म्हणून आवाच त्याच्याभोवती रचला. तीन दिवस आग जळली, चार दिवस निवली.

आवा उघडायच्या सकाळी राजा स्वतः आला. कुंभारीण हाताने राख बाजूला सारू लागली. आधी कपाळ दिसले, मग कान, मग सोंडेचे वळण. मग भरलेली कूस, जणू आत श्वास धरून ठेवलेला. तिने बोटाचे पेर वाकवून हत्तीच्या पाठीवर टकटक केले. घंटेसारखा खणखणीत नाद उठला आणि नदीपलीकडे विरत गेला. तडा गेलेल्या भांड्यातून असा नाद निघत नाही.

राजा पुढे झाला. त्याने पायातले जोडे काढले, हे त्याच्याही ध्यानात आले नसावे. त्याने हत्तीच्या कुशीवर तळवा टेकला. लाल अंगावर सर्वत्र बारीक फिकट ठिपके होते, आकाशात तारे असावेत तसे.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"आधीचे दोघे," कुंभारीण म्हणाली.

राजाने तळवा उचलला नाही. आपण एका हत्तीपुढे नव्हे, तिघांपुढे उभे आहोत, आणि ज्यांना आपण फेकून दिले होते त्यांनीच या तिसऱ्याला आगीत धरून ठेवले आहे, हे त्याला त्या ठिपक्यांत दिसत होते. मग मान न वळवताच त्याने अमात्यांना विचारले, "बंधारा बांधणारा तो म्हातारा पाथरवट अजून आहे का?"

"आहे, महाराज. खडी फोडतो."

"त्याला सन्मानाने आणा. ते दोघे तरुणही त्याच्याबरोबर येऊ द्या."

त्या तिघांनी मिळून बांधलेल्या बंधाऱ्याने पुढचे सगळे पूर अडवले. हत्ती बारा बैलांच्या गाड्यावरून खिंडीत गेला आणि तिथे किती पिढ्यांची तहान भागली याची गणती नाही. पश्चिमेच्या वेशीचा नियम कोणी रद्द केला नाही. राजाने तो पुन्हा उच्चारला नाही, एवढेच.

ज्याने आग सोसली आहे, त्याला वेशीबाहेर घालवू नये. नवख्याच्या शेजारी बसवावे.

ही कथा सांगताना पुष्कळ जण म्हणतात की कुंभारणीने खापरे चोरून मिसळली आणि अमात्यांना फसवले. ऐकणारे हसतात, म्हणून तसे सांगतात. पण ते खरे नाही. ती टोपली घेऊन भर दुपारी सभेत गेली होती. चोरून मिसळली असती, तरीही हत्ती उभा राहिला असता. पाथरवट मात्र वेशीबाहेरच खडी फोडीत राहिला असता.