कुलपात अडकलेले चार हजार शब्द

एका तालुक्याच्या गावात कुंदाताई नावाची एक टायपिंगवाली होती. हात असा, की समोरच्याचा चहा संपायच्या आत अर्ज तयार. तिचं सॉफ्टवेअर शहरातल्या एका बड्या कंपनीचं. त्याला डोंगल नावाचं बोटभर कुलूप होतं. ते कम्प्युटरला खोचलं तरच मराठी उमटायचं. समोरच्या दुकानात नजीर अत्तार बसायचा. त्याचं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, सगळ्यांना खुलं. कुंदाताई त्याला नाक मुरडायची. "फुकट ते पौष्टिक, काय नजीरभाऊ?" असं रस्त्यापलीकडून ओरडायचीसुद्धा. नजीर बिचारा हसण्यावारी न्यायचा.

त्याच गावात धायगुडे नाना राहत. धनगरवाड्यातून शिकून पुढे आलेले निवृत्त गुरुजी. मेंढरांमागे चालणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे शब्द त्यांनी अकरा वर्षं गोळा केले. चार हजार शब्द! नुसत्या मेंढीच्या चालीला नऊ. कुंदाताईने ते सगळे टाइप केले आणि मोठ्या शहाणपणाने म्हणाली, "नाना, आता ही रद्दी कशाला जपताय? कम्प्युटरात गेलं सगळं." नानांनी विश्वासाने वह्या बंबात घातल्या.

आणि पुस्तक छापायच्या ऐन वेळी डोंगल बंद पडलं. कंपनीला फोन लावला, तर कंपनीच उठून गेलेली. दुसऱ्या सॉफ्टवेअरात फाइल उघडली, तर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. नाना दुकानातल्या बाकावर बसून राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कुंदाताईला झालं.

शेवटी मान खाली घालून ती समोर गेली. नजीरने टोमणा मारला नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधून त्याने एक प्रोग्राम काढला. "जुन्या फायली नव्या अक्षरांत आणणारा आहे हा. तुमच्या कंपनीच्या खुणा त्याला कळत नाहीत, पण शिकवता येतील. ह्याचं पोट उघडं असतं, ताई. कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर, एवढं सांगा."

एवढंच ना? अहो, वीस वर्षांत ते तिच्या बोटांत मुरलं होतं! दोघांनी आठवडाभर बसून खुणांचा तक्ता केला, प्रोग्रामात घातला, आणि नानांचे निम्मे शब्द वाचता येऊ लागले. जोडाक्षरं मात्र काही केल्या जुळेनात.

"आपली अक्कल इथे संपली," नजीर म्हणाला. "तक्ता इंटरनेटवर सगळ्यांपुढे ठेवू. ज्याला पुढचं जमेल तो करेल."

कुंदाताई चमकली. त्या कंपनीच्या फायली घेऊन अडलेले लोक जिल्ह्यात शेकड्याने असणार. तक्ता झाकून ठेवला तर सगळे तिच्याच दारात! "वा रे वा! मेहनत माझी, आणि आयत्या पिठावर रेघोट्या लोकांनी ओढायच्या?"

"तुमचा तक्ता, तुमची मर्जी," नजीर म्हणाला आणि कामाला लागला.

दोन दिवस तिला घास गोड लागेना. कंपनीने कुलूप घातलं म्हणून ती कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती, आणि आता तेच कुलूप स्वतःच्या हाताने घालायला निघाली होती. आत अडकले होते नानांचे निम्मे शब्द. तिसऱ्या दिवशी ती तरातरा नजीरकडे गेली. "ठेवा सगळ्यांपुढे. माझं मन फिरायच्या आत ठेवा!"

आठ दिवसांत धुळ्याच्या एका कॉलेजातल्या मुलीने जोडाक्षरांची दुरुस्ती पाठवली. ना ओळख, ना पाळख. बेळगावच्या एका मुद्रितशोधकाने राहिलेल्या चुका वेचून दिल्या. कुंदाताईने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि चारही हजार शब्द पडद्यावर नीट उतरले. ती तोंडाला पदर लावून रडलीच. त्याच तक्त्यावर पुढे कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र सुटलं, कुणाच्या गावाचा इतिहास सुटला.

नानांचं पुस्तक छापून झालं. तेव्हा नाना म्हणाले, "कुंदा, हे कम्प्युटरातलं पुस्तकही उघडंच ठेव. माझ्याकडून सुटलेला शब्द ज्याला ठाऊक असेल, त्याने घालावा."

दिवाळीपर्यंत रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळांनी फोनवरून आणखी सातशे शब्द घातले. त्यांतले कितीतरी नानांनीही कधी ऐकले नव्हते. शाळकरी पोरासारखे ते एकेक शब्द मोठ्याने वाचत बसले.

तात्पर्य: कुलपातलं ज्ञान किल्लीवाल्याबरोबर जातं, उघड्यावर ठेवलेल्या ज्ञानाला राखणारे आणि वाढवणारे गावोगाव भेटतात.