काळी की तपकिरी?

मिरजेच्या शेरॉन गायकवाडला रविवारी ऑर्केस्ट्रात पहिल्यांदाच वाजवायचं होतं. पाच तारांची जुनी बेस गिटार घ्यायला ती ढवळीकरांच्या दुकानात गेली. तिथे दोन होत्या, एक चकचकीत काळी आणि एक रंग उडालेली तपकिरी.

ढवळीकर स्वतः नावाजलेले बेसवादक. ते म्हणाले, "काळी घे."

"जरा वाजवून बघू?"

"अ‍ॅम्प्लिफायर थिएटरवर गेलाय, संध्याकाळी माझा कार्यक्रम आहे. आणि मी सांगितल्यावर तू अजून काय बघणार?"

शेरॉनने मान डोलावली. "बरं, काळीच घेते. फक्त आजच्या कार्यक्रमात तुम्ही ती वाजवा, सर. उद्या घेऊन जाईन. तुम्ही वाजवलेली गिटार म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवीन."

ढवळीकर गडबडले. "आज नको. तिची जाड तार मधेच खरखरते. भरलेल्या थिएटरात माझी शोभा व्हायची. न्यायचीच झाली तर मी ही तपकिरी नेईन."

"सर, रविवारी माझ्यापुढेही थिएटर भरलेलंच असणार आहे," शेरॉन शांतपणे म्हणाली.

ढवळीकर ओशाळून हसले आणि तपकिरी गिटार त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी कव्हरमध्ये घातली.