बारा चौकटींवरची रेघ

एका तालुक्याच्या गावात एक दवाखाना होता, आणि तिथे डॉक्टरांच्या खालोखाल मान होता तो काउंटरवरच्या शशिकलाबाई गावंडे यांना. बावीस वर्षे त्या एकाच खुर्चीत बसल्या होत्या. पेशंटची नोंद, केसपेपर, विम्याचे कागद, तपासणीचे रिपोर्ट, सगळे त्यांच्या हातून जाई. बावीस वर्षांत एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती कधी पडला नव्हता.

यात जादू काही नव्हती, एक साधी सवय होती. रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस नाव सांगू लागला की बाई हात वर करत. "नाव राहू द्या. जन्मसाल सांगा. आईचं नाव सांगा." दोन्ही केसपेपरशी जुळली तरच पाकीट मिळे. त्या भागात एकेका नावाची चार-चार माणसे होती. नवखे लोक वैतागत, म्हणत की बाई स्वतःला कलेक्टर समजते. बाई त्यांना खुशाल वैतागू देत.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात दवाखान्याचे कार्यालय कसे चालवावे याचा कोर्स निघाला. शेवटचे दोन महिने प्रत्यक्ष दवाखान्यात राबून काम शिकायचे, असा त्यात नियम होता. डॉक्टरांनी लगेच होकार कळवला. फाटकावर 'प्रशिक्षण केंद्र' अशी पाटी लागली. पाटी ठोकून घेताना डॉक्टर हसत म्हणाले, "बाई, आता दरवर्षी एक शिकाऊ येणार, तोही बिनपगारी. उद्या तुम्ही थकलात तरी काळजी नाही."

डॉक्टर बोलले आणि विसरले. बाई विसरल्या नाहीत. आपली खुर्ची आपल्या हाताने कोणाला द्यायची नाही, असे त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकले.

पहिल्याच वर्षी तनुजा भोईर नावाची मुलगी आली. तिची आई गावच्या शाळेत खिचडी शिजवत असे. दोन एसट्या बदलून ही पोर रोज आठच्या ठोक्याला हजर. कॉलेजने तिला एक रोजनिशी दिली होती. दिवसभर काय शिकलो ते त्यात लिहायचे आणि खाली शिकवणाऱ्याची सही घ्यायची. शिवाय एक छापील प्रमाणपत्र होते. त्यावर बारा कामे आणि बारा चौकटी होत्या. जे काम शिकवले त्याच्या चौकटीत खूण करायची, नाही शिकवले तर 'नाही' लिहायचे. 'नाही' आले तर विद्यार्थ्याला तेवढे काम शिकायला पुन्हा पाठवत.

बाईंनी तनुजाला नंबर पुकारायला बसवले. मग चहा आणायला पाठवले. मग जुन्या फायलींवरची धूळ पुसायला लावली. रिपोर्टच्या खिडकीशी ती उभी राहिली की बाई म्हणत, "अगं, बाहेर बघ, पंखा बंद आहे का." पंखा चालूच असे. ती परत येईपर्यंत बाई हलक्या आवाजात सारे विचारून पाकीट देऊन मोकळ्या झालेल्या असत.

एकदा फायली पुसताना तिला एकाच नावाचे दोन केसपेपर सापडले. ती धावत आली. "ताई, हे दोघं एकाच नावाचे आहेत. मग यांचे रिपोर्ट आले तर ओळखायचं कसं?"

बावीस वर्षांत असा नेमका प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. बाईंनी दोन्ही कागद तिच्या हातातून काढून घेतले. "तुला काय करायचंय? सत्तावीस नंबर पुकार."

दुपारी बाईंचे यजमान वसंतराव डबा घेऊन येत. साधा, हसरा माणूस, पोस्टातून निवृत्त झालेला. ते तनुजालाही पोळीभाजी वाढायला लावत. एक दिवस ते हळूच म्हणाले, "शिकव की तिला. हुशार आहे पोर. तुझं काय जातंय?"

"माझं जातं ते मला माहीत," बाई म्हणाल्या आणि डबा बंद केला.

तनुजा रोज संध्याकाळी रोजनिशी पुढे करी. बाई मान वर न करता सही ठोकत. पान उलटून वाचण्याइतका त्या मुलीचा मान त्यांच्या लेखी नव्हता. कॉलेजातही कोणी वाचत नव्हते. तिथे वही भरलेली दिसली की झाले.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र पुढे आले. बाईंनी पहिल्या चौकटीत पेन टेकवले आणि वरून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली. बाराही चौकटी एका दमात भरल्या. खाली लिहिले, 'उत्तम'.

तनुजा तिथेच उभी राहिली. "ताई, एक सांगू? रिपोर्ट द्यायचं काम मी एकदाही केलेलं नाही. तिथे 'नाही' लिहा ना. कॉलेज मला पुन्हा पाठवेल. मी येईन. अजून दोन महिने येईन."

बाईंनी मनात हिशेब केला. 'नाही' लिहिले तर कॉलेज डॉक्टरांना विचारणार, डॉक्टर बाईंना विचारणार. आणि ही पोर पुन्हा येणार, पुन्हा तोच प्रश्न विचारणार. त्यांनी शिक्का उचलला आणि दाबून मारला.

"वेडी आहेस का? दोन महिने वाचवले तुझे. नोकरी लागेल, पेढे घेऊन ये."

नोकरी लागलीच. जिल्ह्याच्या एका मोठ्या रुग्णालयात साहेबांनी प्रमाणपत्र पाहिले. 'रिपोर्ट ओळख पटवून देणे' या चौकटीवरून रेघ गेलेली होती आणि खाली 'उत्तम' होते. त्यांनी तिला पहिल्या दिवसापासून रिपोर्टच्या खिडकीत एकटीला बसवले. तनुजाने खरोखरच पेढे पाठवले. बाईंनी ते काउंटरवर सगळ्यांना वाटले.

वर्षभराने वसंतरावांच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी त्यांना त्याच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे गाठीचा तुकडा तपासायला घेतला. आठ दिवसांनी बाईंचे जावई रिपोर्ट आणायला गेले. खिडकीतून हाक आली, "वसंत गावंडे!" जावई पुढे झाले. पाकीट हातात पडले. बस, एवढेच झाले. त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये, दुसऱ्या एका वसंत गावंड्यांचेही पाकीट होते.

रिपोर्टमध्ये लिहिले होते, 'दोष आढळला नाही.' वय एकसष्ट लिहिले होते. वसंतराव अडुसष्ट वर्षांचे होते. आणि ज्या बाईने बावीस वर्षे कोणाच्या नावावर विश्वास ठेवला नाही, तिने स्वतःच्या घरात तो कागद पाहिला, डोळे भरून आले, आणि वय न पाहता तो देवापुढे ठेवला. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो? त्या दिवशी घरी शिरा झाला.

दुसऱ्या गावंड्यांच्या घरी मात्र त्या दिवशी चूल पेटली नाही. तो माणूस आपल्याला कॅन्सर झाला म्हणून अंथरुणाला खिळला. उपचार नको, पोरांचे शेत विकू नका, म्हणून हटून बसला. तीन महिन्यांनी मुलाने त्याला जबरदस्तीने उचलून नेले. पुन्हा तपासणी झाली. त्याला काहीही झालेले नव्हते. मग कोणाचा कागद कोणाकडे गेला याचा शोध सुरू झाला आणि तो बाईंच्या दाराशी येऊन थांबला. तोपर्यंत वसंतरावांची गाठ लिंबाएवढी झाली होती.

बाई संतापाने जळत रुग्णालयात गेल्या. खिडकीत तनुजा बसली होती.

"नाव पुकारून रिपोर्ट दिलास?"

"हो, ताई."

"जन्मसाल विचारलं नाहीस? आईचं नाव?"

तनुजा रडवेली झाली होती, तरी ती बाईंकडे टक लावून पाहत राहिली. "असं विचारायचं असतं का, ताई?"

त्याच रुग्णालयात चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र बाईंसमोर ठेवले. "ओळख पटवून रिपोर्ट देणं तुम्ही हिला शिकवलं होतं, बरोबर?"

वसंतराव तिथेच वरच्या मजल्यावर दाखल होते. बाईंनी एकदा जिन्याकडे पाहिले. खरे बोलण्याची ही दुसरी संधी होती. पण खरे बोलले तर नवऱ्याच्या या दशेत आपलाही हात आहे, हे साऱ्या घरादाराला कळणार होते.

"हो," त्या म्हणाल्या. "शिकवलं होतं. लक्ष नव्हतं हिचं."

तनुजाने पिशवीतून जुनी रोजनिशी काढली आणि टेबलावर ठेवली. अधिकारी मोठ्याने वाचू लागले. "आज नंबर पुकारले. रिपोर्टचे काम शिकवा असे विचारले, शिकवले नाही." पान उलटले. "आज चहा आणला. रिपोर्टचे काम शिकवले नाही." पुन्हा पान उलटले. "आज एका नावाचे दोन केसपेपर सापडले. ओळखायचे कसे ते विचारले. उत्तर मिळाले नाही." प्रत्येक पानाखाली तीच ठसठशीत सही होती. शशिकला वसंत गावंडे.

अधिकाऱ्यांनी वही मिटली आणि प्रमाणपत्राशेजारी ठेवली. "बाई, या दोन्हींतली तुमची खरी सही कोणती?"

बाईंनी वही ओढून घेतली आणि पहिल्यांदाच पान उलटून वाचले.

तनुजाची नोकरी गेली. खिडकीत ती होती, पाकीट तिच्या हातून गेले होते, शिक्षा कोणाला तरी व्हायलाच हवी होती. डॉक्टरांनी पाटी उतरवून ठेवली आणि गवगवा शमल्यावर पुन्हा लावली. वसंतराव सहा महिने झुंजले. तीन महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती, एवढेच तिथले डॉक्टर म्हणाले.

वसंतरावांना ही हकीकत शेवटपर्यंत कोणी सांगितली नव्हती. शेवटच्या दिवसांत एका दुपारी बाई रुग्णालयात डबा घेऊन गेल्या, तर त्यांनी विचारले, "ती तुझ्याकडे यायची ना, भोइरांची पोर, हुशार होती बघ. शेवटी तिला शिकवलंस का गं?"

बाईंनी डबा उघडला. "जेवा," म्हणाल्या.

खुर्ची अजून बाईंचीच आहे. ती त्यांच्याकडून कोणी मागितलीच नव्हती.

तात्पर्य: शिकायला आलेल्याला विद्या नाकारून हाती नुसता सहीशिक्क्याचा कागद देऊ नये, आपण न शिकवलेले काम पुढे कोणाच्या तरी जिवावर बेतते, आणि तो माणूस आपल्याच घरचाही असू शकतो.